विलिस कॅरियर

विलिस हॅविलंड कॅरियर (२६ नोव्हेंबर १८७६ – ७ ऑक्टोबर १९५०) हे अमेरिकन अभियंता, संशोधक व उद्योजक होते. हवेचे तापमान, आर्द्रता, शुद्धता आणि वहन या चारही गोष्टी एकाच वेळी नियंत्रणात ठेवणाऱ्या आधुनिक वातानुकूलन यंत्रणेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. १९०२ साली न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी त्यांनी आखलेली यंत्रणा या तंत्रज्ञानाचा आरंभबिंदू मानली जाते. १९११ साली त्यांनी मांडलेली आर्द्रतेची सूत्रे व त्यांवर आधारलेला सायक्रोमेट्रिक आलेख जगभरातील वातानुकूलन अभियंते आजही वापरतात. कार्यालये, रुग्णालये, चित्रपटगृहे व दुकाने यांच्या छतांवर बसवलेल्या यंत्रांची आखणी, देखभाल आणि दोषनिदान या सर्वांचा पाया हाच आलेख आहे.

== बालपण व शिक्षण ==

कॅरियर यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील अँगोला या गावाजवळ, ईरी सरोवराच्या काठच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ड्वेन आणि एलिझाबेथ कॅरियर यांचे ते एकुलते अपत्य होते. घड्याळे, शिवणयंत्रे व घरातील इतर बिघडलेली उपकरणे त्यांच्या आई स्वतः दुरुस्त करीत. लहान विलिसला अपूर्णांक समजत नव्हते, तेव्हा आईने सफरचंदे आणवली, त्यांचे अर्धे, पाव आणि अष्टमांश तुकडे करून दाखवले व त्यांची बेरीज-वजाबाकी करवून घेतली. कोणताही कठीण प्रश्न हाताळता येतील अशा लहान भागांत तोडायचा, ही सवय आपल्याला त्या प्रसंगातून लागली, असे कॅरियर पुढे सांगत. ते अकरा वर्षांचे असताना आईचे निधन झाले.

१८९३ च्या आर्थिक मंदीची झळ या कुटुंबालाही बसली आणि महाविद्यालयीन शिक्षण लांबणीवर पडले. मधल्या काळात त्यांनी शाळेत शिकवले व बफेलो येथे राहून शालेय अभ्यास पूर्ण केला. १८९७ साली शिष्यवृत्ती मिळवून ते कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. शिष्यवृत्तीतून सर्व खर्च भागत नसल्याने हिरवळ कापणे, घरांच्या भट्ट्या पेटत्या ठेवणे, खाणावळीत वाढपी म्हणून राबणे अशी कामे त्यांनी केली. विद्यार्थ्यांसाठी सहकारी धुलाई केंद्र चालवण्यातही त्यांचा वाटा होता. १९०१ साली ते अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

== बफेलो फोर्ज कंपनीतील आरंभ ==

पदवीनंतर लगेच कॅरियर बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलर पगारावर रुजू झाले. ही कंपनी लोहारकामाच्या भट्ट्या, पंखे व इमारती उबदार ठेवणारी यंत्रे बनवत असे. लाकूड आणि कॉफी सुकवण्याच्या यंत्रणांची आखणी ही त्यांची पहिली कामे होती. या कामात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वाफेच्या नळ्यांवरून हवा फिरवली असता ती किती तापेल, याची खात्रीशीर आकडेवारी कोणापाशीच नव्हती. अभियंते अंदाजाने यंत्र निवडत आणि चूक होऊ नये म्हणून ते गरजेपेक्षा बरेच मोठे घेत. कॅरियर यांनी स्वतः मोजमापे घेऊन तक्ते तयार केले. त्या तक्त्यांमुळे कंपनीचे एकाच हिवाळ्यात सुमारे ४०,००० डॉलर वाचले आणि कंपनीने त्यांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळा सुरू केली.

== छापखान्याचा प्रश्न (१९०२) ==

ब्रुकलिन येथील सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यात रंगीत छपाई होत असे. त्या काळी प्रत्येक रंगासाठी कागद स्वतंत्रपणे यंत्रातून जाई. दमट दिवशी कागद ओलावा शोषून किंचित फुगे, तर कोरड्या दिवशी आकसे. त्यामुळे आदल्या दिवशी छापलेल्या रंगावर दुसऱ्या दिवशीचा रंग नेमका बसत नसे, चित्रे अस्पष्ट उमटत आणि कागद व शाई वाया जाई. १९०० आणि १९०१ या दोन उन्हाळ्यांत मुद्रकांचे मोठे नुकसान झाले. बफेलो फोर्जच्या न्यू यॉर्क कार्यालयातील जे. अर्व्हिन लाईल यांच्यामार्फत हा प्रश्न पंचविशीतील कॅरियर यांच्याकडे आला.

येथे नुसता गारवा उपयोगाचा नव्हता. हवेतील पाणी काढायचे होते आणि तेही ठरावीक प्रमाणात. कॅरियर यांनी प्रथम कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात भिजवलेल्या गोणपाटावरून हवा सोडून पाहिली. हवा कोरडी झाली, पण तिच्यात क्षाराचे कण मिसळल्याने यंत्रे गंजण्याचा धोका होता. तो मार्ग त्यांनी सोडला. मग हवामान खात्याचे तक्ते समोर ठेवून त्यांनी उलट दिशेने विचार केला. हवा गार केली की एका तापमानाला तिच्यातील बाष्पाचे दव होऊ लागते. हा दवबिंदू होय. हवा हव्या त्या दवबिंदूपर्यंत गार केली, तर जास्तीचे पाणी थंड नळ्यांवर जमून गळून जाईल आणि उरलेला ओलावा नेमका तेवढाच असेल.

या यंत्रणेचे आराखडे १७ जुलै १९०२ या तारखेचे आहेत. उन्हाळ्यात सुमारे २७ अंश सेल्सियस, हिवाळ्यात सुमारे २१ अंश आणि वर्षभर ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता हे उद्दिष्ट होते. नळ्यांच्या एका संचातून विहिरीचे थंड पाणी, तर दुसऱ्यातून अमोनियाच्या शीतन यंत्राने गार केलेला प्रवाह फिरवण्यात आला. हिवाळ्यातील कोरड्या हवेत ओलावा मिसळण्यासाठी छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून वाफ सोडण्याची सोय होती. संपूर्ण यंत्रणेची क्षमता दिवसाला सुमारे ४९,००० किलो बर्फ वितळवण्याइतकी होती. वातानुकूलन यंत्राची क्षमता आजही टनांत सांगतात, त्यामागे बर्फाचेच माप आहे. चोवीस तासांत २,००० पौंड बर्फ वितळवण्यास लागणारे शीतन म्हणजे एक टन; विजेच्या परिमाणात ते सुमारे साडेतीन किलोवॉट भरते.

== धुके आणि दवबिंदूचे नियंत्रण ==

१९०२ च्या अखेरीस पिट्सबर्ग येथील रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहत असताना कॅरियर यांना दाट धुक्याचे निरीक्षण करता आले. धुक्यातील हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, तरीही थंडीमुळे तिच्यातील पाण्याचे एकूण प्रमाण फारसे नसते. यावरून त्यांना एक युक्ती सुचली. हवा बारीक फवाऱ्यातून नेली, तर ती फवाऱ्याच्या पाण्याच्या तापमानाला संपृक्त होईल. पाणी पुरेसे थंड असल्यास त्याच पाण्याने हवा कोरडी करता येईल. पाण्याने हवा सुकवण्याची ही कल्पना वरकरणी विसंगत वाटत असल्याने प्रारंभी अनेकांनी ती गंभीरपणे घेतली नाही.

तिचे गणित मात्र साधे आहे. खोलीत २७ अंश तापमान व ५५ टक्के आर्द्रता हवी असेल, तर हवेचा दवबिंदू सुमारे १७ अंश असावा लागतो. फवाऱ्याच्या पाण्याने हवा १७ अंशांना संपृक्त केली आणि नंतर २७ अंशांपर्यंत तापू दिली की आर्द्रता आपोआप हव्या त्या ठिकाणी येते. म्हणजे आर्द्रतेसारखी मोजण्यास कठीण गोष्ट केवळ पाण्याचे तापमान सांभाळून काबूत ठेवता येते. याच फवाऱ्यात धूळही धुऊन निघे. हवेवर प्रक्रिया करणाऱ्या या उपकरणासाठी त्यांनी १९०४ साली अर्ज केला आणि २ जानेवारी १९०६ रोजी त्यांना अमेरिकेचे ८,०८,८९७ क्रमांकाचे एकस्व मिळाले.

या तंत्राचे पहिले मोठे ग्राहक कापड गिरण्या होत्या. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होऊन तुटते आणि स्थिर विद्युत निर्माण होऊन तंतू विस्कटतात. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील बेल्मॉंट येथील क्रॉनिकल कापूस गिरणीत १९०६ साली, तर जपानमधील योकोहामा येथील रेशीम गिरणीत १९०७ साली कॅरियर यांची यंत्रणा बसवण्यात आली. वातानुकूलन या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग कॅरियर यांचा नाही. तो १९०६ साली गिरणी अभियंता स्टुअर्ट क्रेमर यांनी रूढ केला आणि कॅरियर यांनी तो पुढे आपल्या उपकंपनीच्या नावात घेतला.

== फसलेली यंत्रणा आणि चिंतेवरील उपाय ==

बफेलो फोर्जमध्ये असतानाच कॅरियर यांना एका गंभीर अपयशास तोंड द्यावे लागले. मिसुरी राज्यातील क्रिस्टल सिटी येथील काच कारखान्यात वायू स्वच्छ करणारे उपकरण बसवण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ही पद्धत नवी होती आणि त्यापूर्वी एकदाच, निराळ्या परिस्थितीत वापरली गेली होती. उपकरण चालले, पण कंपनीने हमी दिलेल्या पातळीपर्यंत पोहोचले नाही. कॅरियर यांची झोप उडाली.

अखेर त्यांनी स्वतःपुरती एक पद्धत ठरवली. वाईटात वाईट काय होऊ शकते, याचा त्यांनी प्रथम हिशेब केला : नोकरी जाईल आणि उपकरण काढून घ्यावे लागून मालकांचे २०,००० डॉलर बुडतील. हा परिणाम त्यांनी मनाने स्वीकारला. मन स्थिर झाल्यावर त्यांनी नव्याने चाचण्या घेतल्या. आणखी ५,००० डॉलरचे साहित्य जोडल्यास दोष दूर होतो, असे त्यांत आढळले. तसे केल्यावर २०,००० डॉलर बुडण्याऐवजी कंपनीला १५,००० डॉलर मिळाले. डेल कार्नेगी यांनी चिंतामुक्तीवरील आपल्या १९४८ च्या पुस्तकात हा प्रसंग आरंभीच दिला असल्याने, वातानुकूलनाशी संबंध नसलेल्या असंख्य वाचकांनाही कॅरियर यांचे नाव परिचित आहे.

== आर्द्रतेची सूत्रे (१९११) ==

डिसेंबर १९११ मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात कॅरियर यांनी आर्द्रतामितीची तर्कशुद्ध सूत्रे मांडणारा निबंध वाचला. कोरड्या तापमापकाचे तापमान, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचे तापमान, दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता आणि हवेतील एकूण उष्णता यांचा परस्परसंबंध त्यांनी सूत्रबद्ध केला आणि आलेखाच्या रूपात दिला. यांपैकी कोणत्याही दोन राशी मोजल्या की उरलेल्या आलेखावरून वाचता येतात. या निबंधामुळे वातानुकूलन हे अनुभवी मिस्त्रीच्या अंदाजावर चालणारे काम न राहता गणिती अभियांत्रिकीची शाखा बनले.

== स्वतःची कंपनी ==

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर बफेलो फोर्जने आपले काम केवळ उत्पादनापुरते मर्यादित ठेवण्याचे ठरवले. वातानुकूलन विभागातील बहुतेक अभियंत्यांना कामावरून कमी केले जाणार होते. कॅरियर आणि लाईल यांच्या नोकऱ्या मात्र कायम राहणार होत्या. दोघांनी ही सुरक्षितता नाकारली. १९१५ साली कॅरियर आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ३२,६०० डॉलर भांडवलावर कॅरियर इंजिनिअरिंग कॉर्पोरेशन ही कंपनी स्थापन केली. आरंभी तिच्याकडे कारखाना नव्हता. इतरांची यंत्रे विकत घेऊन ती यंत्रणा आखून व उभारून देत असे. लाईल यांनी व्यवसायाची बाजू सांभाळली आणि कॅरियर यांना संशोधनासाठी मोकळे ठेवले. पुढे न्यू जर्सीतील न्यूअर्क येथे कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला.

== अपकेंद्री शीतन यंत्र ==

तोपर्यंतची शीतन यंत्रे अवाढव्य, दट्ट्यावर चालणारी आणि बहुधा अमोनिया वापरणारी होती. अमोनिया विषारी आहे. गळती झाल्यास गर्दीच्या जागी जीवितहानीचा धोका संभवतो. त्यामुळे कारखान्यांत चालणारे वातानुकूलन लोकांच्या वापरातील इमारतींत आणणे कठीण होते. कॅरियर यांनी दट्ट्याऐवजी वेगाने फिरणाऱ्या चक्राने वायू दाबणारे अपकेंद्री शीतन यंत्र तयार केले आणि अमोनियाऐवजी कमी दाबावर चालणारा डायलीन हा द्रव शीतक म्हणून निवडला. हे यंत्र मे १९२२ मध्ये न्यूअर्क येथे निमंत्रित अभियंत्यांसमोर सादर करण्यात आले. ते आकाराने लहान होते, त्यात हलणारे भाग कमी होते आणि म्हणून त्याची देखभालही सोपी होती.

१९२४ साली डेट्रॉईट येथील जे. एल. हडसन या मोठ्या दुकानात अशी तीन यंत्रे बसवण्यात आली. तळघरातील स्वस्त विक्रीच्या वेळी गर्दी आणि उकाडा यांमुळे तेथे ग्राहकांना घेरी येत असे. यंत्रे बसवल्यावर ग्राहक दुकानात अधिक वेळ थांबू लागले आणि गारव्याचा विक्रीशी असलेला संबंध व्यापाऱ्यांच्या लक्षात आला.

== रिव्होली चित्रपटगृह (१९२५) ==

न्यू यॉर्कच्या टाइम्स चौकातील रिव्होली चित्रपटगृहाचे काम कॅरियर यांच्या कारकिर्दीतील निर्णायक ठरले. शहराच्या सुरक्षा अधिकाऱ्याने डायलीनच्या वापरास परवानगी नाकारली होती. कॅरियर यांनी त्याच्या कार्यालयात जाऊन भांड्यात डायलीन ओतले आणि त्यात पेटती काडी टाकली. अधिकारी घाबरला, पण स्फोट झाला नाही. द्रव संथपणे जळून विझला. त्यानंतर परवानगी मिळाली.

मे १९२५ च्या अखेरीस, मृत सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या सुट्टीत, खेळ सुरू झाला. त्या दिवशी कडक उन्हाळा होता आणि यंत्रे उशिरा सुरू झाल्याने सभागृह अद्याप गार झाले नव्हते. दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक सवयीप्रमाणे हातपंखे हलवत बसले होते. पॅरामाउंट कंपनीचे प्रमुख अडॉल्फ झुकोर सज्जात बसून हे पाहत होते. हळूहळू हवा गार होत गेली, एकेक पंखा थांबला आणि अखेर सर्व पंखे मांडीवर विसावले. झुकोर यांनी यंत्रणेला पसंती दिली. पुढील पाच वर्षांत कॅरियर यांच्या कंपनीने सुमारे ३०० चित्रपटगृहे वातानुकूलित केली. थंड हवा खुर्च्यांखालून सोडण्याची जुनी रीत प्रेक्षकांचे पाय गारठवत असे. तिच्याऐवजी छतातून हवा सोडून ती खालून परत घेण्याची रीत या कंपनीने प्रचारात आणली.

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात १९२८ साली आणि सिनेटमध्ये १९२९ साली तिची यंत्रणा बसली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील मिलाम ही बहुमजली कार्यालयीन इमारत १९२८ साली पूर्णतः वातानुकूलित झाली. मुंबईतही १९३३ साली उघडलेले कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह वातानुकूलित होते. मराठी प्रेक्षकांना यंत्राच्या गारव्याची पहिली ओळख अशाच चित्रपटगृहांतून झाली.

== मंदी, महायुद्ध आणि उत्तरायुष्य ==

१९३० साली तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून कॅरियर कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. मंदीच्या वर्षांत तिला मोठा तोटा सोसावा लागला. १९३७ साली तिचे कामकाज न्यू यॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे एकवटण्यात आले. गगनचुंबी इमारतींत रुंद हवानळ्यांना जागा नसते. त्यावर उपाय म्हणून कॅरियर यांनी १९३९ साली अरुंद नळ्यांतून वेगाने हवा नेणारी आणि प्रत्येक खोलीत तापमान बदलण्याची सोय देणारी पद्धत विकसित केली.

दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलंड येथील विमान-इंजिन संशोधन केंद्रातील वातबोगद्यासाठी प्रचंड शीतन यंत्रणा हवी होती. अतिउंचीवरील थंडी जमिनीवर निर्माण करण्यासाठी हवेचा अजस्र प्रवाह शून्याखाली चाळीस अंश सेल्सियसपेक्षाही कमी तापमानाला न्यावा लागे. या कामास कॅरियर आपल्या अभियांत्रिकीतील सर्वोच्च कामगिरी मानत.

कॅरियर यांचे तीन विवाह झाले. पहिल्या पत्नी एडिथ यांचे १९१२ साली आणि दुसऱ्या पत्नी जेनी यांचे १९३९ साली निधन झाले. १९४१ साली त्यांनी एलिझाबेथ वाइझ यांच्याशी विवाह केला. त्यांनी दोन मुले दत्तक घेतली होती. प्रकृतीच्या कारणाने १९४८ साली ते कंपनीच्या कामातून निवृत्त झाले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर ऐंशीहून अधिक एकस्वे आहेत.

== छतावरील यंत्रे आणि दोषनिदान ==

पंखा, थंड नळ्या, कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि गाळणी हे सर्व भाग एकाच पेटीत सामावून ती पेटी इमारतीच्या छतावर ठेवण्याची रीत मुख्यतः कॅरियर यांच्या निधनानंतर, अमेरिकेतील व्यापारी संकुलांच्या वाढीबरोबर रूढ झाली. तळघरातील यंत्रखोली वाचते आणि आवाज बाहेर राहतो, हा तिचा लाभ. मात्र यंत्र सतत ऊन, पाऊस आणि धूळ यांच्या माऱ्यात राहते आणि छतावर चढून कोणी पाहत नसल्याने त्याकडे दुर्लक्षही लवकर होते.

अशा यंत्राची तपासणी मूलतः कॅरियर यांच्या पद्धतीनेच होते. तंत्रज्ञ आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे कोरडे व ओले तापमान मोजतो, आलेखावर दोन बिंदू मांडतो आणि यंत्राने किती उष्णता व किती पाणी काढले हे ठरवतो. सर्वसाधारण हवामानात दोन कोरड्या तापमानांतील फरक ८ ते ११ अंश सेल्सियस असतो. त्यावरून पुढील अनुमाने निघतात :

* फरक खूप मोठा आणि हवेचा झोत क्षीण असेल, तर गाळणी तुंबलेली, पट्टा सैल झालेला किंवा पंखा मंदावलेला असण्याची शक्यता असते. पुरेशी उबदार हवा न मिळाल्याने थंड नळ्यांवर बर्फ धरतो.
* फरक लहान आणि शीतकाचे दोन्ही दाब कमी असतील, तर शीतकाची गळती संभवते. गळती शोधून बुजवल्याशिवाय नुसते शीतक भरल्याने दोष जात नाही.
* यंत्र सकाळी चालते आणि भर दुपारी बंद पडते, वरचा दाबही चढलेला असतो, तेव्हा कंडेन्सरच्या पत्र्यांत साठलेला मळ, त्याचा बंद पडलेला पंखा किंवा गरजेपेक्षा जास्त भरलेले शीतक हे कारण असते.
* यंत्र निर्दोष असूनही इमारत गार होत नसेल, तर बाहेरची हवा आत घेणारी झडप उघडी अडकली आहे का, हे पाहावे लागते.
* छतातून पाणी ठिबकत असेल, तर ते बहुधा पावसाचे नसून निचऱ्याची नळी तुंबल्याने साठलेले दव असते.

छतावरील कामात वीजप्रवाह पूर्ण तोडून खात्री करणे, विद्युतधारित्रातील साठलेला भार काढणे आणि छताच्या कडेपासून सुरक्षित अंतर राखणे या बाबी अनिवार्य आहेत.

== विदर्भातील हवा ==

कॅरियर यांच्या आलेखाची उपयुक्तता चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरसारख्या गावी विशेष जाणवते. कोरपना तालुक्यातील हे गाव चुनखडी आणि सिमेंट उद्योगाच्या पट्ट्यात आहे. मे महिन्यात चंद्रपूर परिसरातील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या तापमापकाचे तापमान सुमारे २४ अंश येते. वाळ्याच्या ताट्या आणि वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे कूलर विदर्भात का चालतात, याचे उत्तर या आकड्यात आहे : पाणी बाष्पीभूत करून हवा त्या २४ अंशांच्या दिशेने उतरवता येते. जुलैत मात्र ३२ अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असताना ओले तापमान सुमारे २९ अंश असते. कूलर हवा तीन अंशही उतरवू शकत नाही आणि खोलीतील दमटपणा वाढवतो.

छतावरील यंत्राबाबतही ऋतूंचा हा फरक ध्यानात घ्यावा लागतो. मे महिन्यात आतील हवा कोरडी असल्याने यंत्राची जवळजवळ सर्व शक्ती तापमान उतरवण्यात जाते आणि फरक मोठा दिसतो. पावसाळ्यात त्याच शक्तीचा मोठा भाग हवेतील पाणी काढण्यात खर्च होतो आणि फरक लहान दिसतो. यंत्र बिघडले नसून हवा बदललेली असते. केवळ कोरडे तापमान मोजणारा तंत्रज्ञ अशा वेळी शीतक कमी झाल्याचा निष्कर्ष काढून ते जास्त भरतो. पुढच्या उन्हाळ्यात भरदुपारी दाब चढून यंत्र बंद पडते. ज्या रुग्णालयात किंवा औषधसाठ्याच्या खोलीत हे घडते, तेथे या चुकीची किंमत मोठी असते. ओल्या फडक्यातील तापमापकाचा एक आकडा ती टाळू शकतो. धुळीच्या प्रदेशात कंडेन्सर वारंवार, आणि पत्रे न वाकवता आतून बाहेरच्या दिशेने, धुणे आवश्यक ठरते. विशेषतः पावसाळ्यापूर्वी, कारण ओलाव्याने घट्ट बसलेली धूळ नंतर सहज निघत नाही.

== मूल्यमापन ==

हवा गार करण्याचा प्रयत्न करणारे कॅरियर हे पहिले नव्हते. फ्लोरिडातील वैद्य जॉन गोरी यांनी हिवतापाच्या रुग्णांच्या खोल्या गार करण्याच्या ध्यासातून बर्फाचे यंत्र बनवले आणि १८५१ साली त्याचे एकस्व मिळवले. अल्फ्रेड वोल्फ यांनी आखलेली न्यू यॉर्क शेअर बाजाराची शीतन यंत्रणा १९०३ साली सुरू झाली. कॅरियर यांचे वेगळेपण आर्द्रता मोजून नियंत्रित करण्यात आणि त्यामागील नियम सर्वांना वापरता येतील अशा रूपात मांडण्यात आहे.

या तंत्रज्ञानाची दुसरी बाजूही पुढे आली. डायलीनची जागा घेणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे ओझोनच्या थराची हानी होते, हे कॅरियर यांच्या निधनानंतर उघड झाले आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. त्यानंतर आलेल्या हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंची तापमानवाढीतील भूमिका लक्षात घेऊन २०१६ साली किगाली येथे त्यांच्या वापरात कपात करण्याचे ठरले. वातानुकूलन इमारतीतील उष्णता नष्ट करत नाही, ती बाहेर टाकते. त्यासाठी लागणारी वीज चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात कोळसा जाळून तयार होते. यंत्रांची चोख देखभाल आणि गळतीविरहित दुरुस्ती यांना म्हणूनच पर्यावरणाच्या दृष्टीनेही महत्त्व आले आहे.

== सन्मान ==

* १९२७ – अमेरिकेतील शीतन अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद
* १९३१ – अमेरिकेतील तापन व वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेचे अध्यक्षपद
* १९३४ – यांत्रिकी अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेचे पदक
* १९८५ – अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात मरणोत्तर समावेश
* १९९८ – टाइम नियतकालिकाच्या विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावशाली शंभर व्यक्तींच्या मालिकेत, उद्योग उभारणाऱ्यांच्या गटात समावेश